टिकली कोणती घ्यावी? रायफलची काडतुसे घरी भरणाऱ्या नवख्यांसाठी

दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवलेल्या माणसाला प्राइमर समजावायला वेळ लागत नाही. घोडा टिकलीवर आपटतो, टिकली फट् करते, संपले. रायफलच्या काडतुसाच्या बुडाशी बसवलेला प्राइमर म्हणजे पितळी वाटीत कोंडलेली टिकलीच. फरक इतकाच, की इथे आपल्याला आवाज नको असतो, ज्योत हवी असते. ती ज्योत पुंगळीतल्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचातल्या, दारूपर्यंत पोचते, दारू पेटते आणि गोळी नळीतून निघते.

मी कोलोराडोत राहतो आणि शनिवारची सकाळ बहुधा रेंजवर जाते. गेल्या काही वर्षांत पुण्या-नाशिककडची बरीच मंडळी या नादाला लागली आहेत. आधी विकतची काडतुसे, मग दर महिन्याचे बिल बघून हाताने भरायला सुरुवात. आणि मग हमखास प्रश्न येतो: ‘‘सगळ्यात अचूक प्राइमर कुठला?’’ मी म्हणतो, असा प्राइमर नसतो. तुमच्या रायफलीला, तुमच्या दारूला दर वेळी सारखाच पेटवणारा प्राइमर असतो, आणि तो शोधावा लागतो. तो कसा शोधायचा, ते इथे लिहितो.

आधी दोन गोष्टी

हे सगळे अमेरिकेतले आहे. इथे स्वतःसाठी काडतुसे भरणे हा उघड छंद आहे, सामान दुकानात मिळते. तरीही आपल्या राज्याचे नियम आधी बघा. भारतात हा प्रयोग विनापरवाना करायचा विचारही नको. तिथल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे गावी जाताना बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेली एक रिकामी पुंगळीसुद्धा मुंबई विमानतळावर दिवस खराब करू शकते. प्राइमर तर विमानात नेताच येत नाहीत, हातातल्या बॅगेतही नाही आणि खाली टाकलेल्या बॅगेतही नाही.

दुसरी गोष्ट, दारूचे माप. ते या लेखात सापडणार नाही. ते दारूच्या किंवा गोळीच्या कंपनीने छापलेल्या मॅन्युअलमधून घ्यायचे, रेंजवर भेटलेल्या काकांकडून नाही. काका कितीही चांगले असले तरी.

आत काय असते

प्राइमरचे भाग तीन. बाहेरची वाटी, तिच्या तळाशी चिमूटभर स्फोटक मिश्रण, आणि त्यावर बसलेली तीन किंवा दोन पायांची छोटी ऐरण. फायरिंग पिन, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे येणारी सुई, वाटीला बाहेरून खळगा पाडते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यात चेंगरते आणि पेटते. मिश्रण मुख्यतः लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइडचे. लेड म्हणजे शिसे. म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि भरायच्या टेबलावर चिवडा-चहा आणायचा नाही. हे मी बायकोच्या धाकाने शिकलो, पण बरोबर शिकलो.

अमेरिकेत मिळणारे बहुतेक प्राइमर बॉक्सर पद्धतीचे असतात: ऐरण प्राइमरमध्येच, आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध ज्योत आत जायला एकच भोक. दुसरी पद्धत बर्डनची. त्यात ऐरण पुंगळीतच घडवलेली असते आणि भोके बहुधा दोन. गंमत अशी, की बॉक्सर हा वुलिचच्या तोफखाना कारखान्यातला इंग्रज कर्नल आणि बर्डन अमेरिकन. दोघांचेही काम १८६६ च्या आसपासचे. पण अमेरिकेने इंग्रजाचा प्राइमर उचलला आणि युरोपात बराच काळ अमेरिकनाचा चालला. आपल्या कामापुरते लक्षात ठेवायचे ते एवढेच: पुंगळीत डोकावल्यावर दोन बारीक भोके दिसली तर ती बाजूला टाका. जुना प्राइमर आतून ढकलून काढायची आपली पिन मधल्या भोकातून जाते, इथे ती मोडेल.

पहिली पायरी: माप

रायफलचे प्राइमर दोन मापांत येतात. स्मॉलचा व्यास ०.१७५ इंच, लार्जचा ०.२१० इंच. .२२३ रेमिंग्टनला स्मॉल, .३०-०६ ला लार्ज. .३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमोरला नेहमी लार्ज, पण त्यांच्या स्मॉल प्राइमरच्या पुंगळ्याही मिळतात. तेव्हा काडतुसाच्या नावावर जाऊ नका, पुंगळीचे बूड बघा.

पिस्तुलाचे प्राइमर व्यासाला तेवढेच असतात, आणि नवखा फसतो तो इथे. स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफल बाहेरून ओळखू येत नाहीत, पण पिस्तुलाची वाटी पातळ असते. रायफलचा दाब तिला झेपत नाही, ती फाटून गरम वायू मागे बोल्टकडे, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याकडे, येऊ शकतो. लार्जमध्ये तर उंचीही वेगळी आहे, रायफलचा उंच आणि पिस्तुलाचा बुटका. टंचाईच्या काळात, २०२० नंतर, दुकानांत रायफलचे प्राइमर महिनोन्‌महिने दिसत नव्हते, तेव्हा ‘‘पिस्तुलाचे चालतील का?’’ हा प्रश्न रोज कानावर यायचा. चालत नाहीत.

दुसरी पायरी: स्टँडर्ड, मॅग्नम की मॅच

आजीच्या चुलीजवळ बसलेल्यांना हे सोपे जाईल. वाळलेल्या काटक्या असतील तर एका काडीत चूल पेटते. लाकूड ओले असेल तर रॉकेलचा बोळा लागतो. पण वाळलेल्या काटक्यांवर रॉकेल ओतले तर भपका उठतो, आणि तो दर वेळी वेगळा उठतो.

प्राइमरचेही तसेच. काडीसारख्या लांबट दाण्यांची दारू, म्हणजे व्हार्गेट किंवा एच-४३५० सारखी, साधारण सहज पेटते. तिला स्टँडर्ड प्राइमर पुरतो. बॉल पावडर, म्हणजे गोलसर किंवा चपट्या दाण्यांची दारू, वरच्या लेपामुळे पेटायला जरा नखरे करते. मोठ्या मॅग्नम काडतुसात दारूचा ढीगच मोठा असतो. आणि उणे पंधराच्या थंडीत सगळेच आळसावते. अशा ठिकाणी मॅग्नम प्राइमर.

नवखा मात्र ‘मॅग्नम’ शब्द वाचूनच भुलतो. जास्त ताकद म्हणजे जास्त चांगले, असे इथे नाही. अचूकतेसाठी काम भागवणारी सगळ्यात सौम्य ज्योत घ्यावी, या मताचा मी आहे. फक्त ती कधीच विझता कामा नये.

मॅच किंवा बेंचरेस्ट, म्हणजे अचूक नेमबाजीच्या स्पर्धांसाठी, असे लिहिलेले प्राइमर जास्त काटेकोरपणे बनवलेले आणि तपासलेले असतात. त्यात जादू नाही, सातत्य आहे. सुरुवातीला घेण्याजोगी नावे सांगतो. लार्जमध्ये फेडरल २१०एम किंवा सीसीआय बीआर-२. साधे हवे असतील तर सीसीआय २०० आणि विंचेस्टर डब्ल्यूएलआर. मॅग्नममध्ये सीसीआय २५० आणि फेडरल २१५. स्मॉलमध्ये फेडरल २०५एम, सीसीआय बीआर-४ आणि ४५०. यांपैकी ४५० हा मॅग्नम आहे, आणि ४५० व बीआर-४ या दोघांचीही वाटी सीसीआयच्या साध्या ४०० पेक्षा जाड आहे. रेमिंग्टन ६½ हा .२२ हॉर्नेटसारख्या कमी दाबाच्या काडतुसांसाठी आहे; .२२३ साठी ७½ घ्या. दुकानात हे दोन खोके शेजारी असतात आणि घाईत चुकीचा उचलला जातो.

रायफल हाताने बोल्ट ओढायची नसून पुढचे काडतूस आपोआप भरणारी, म्हणजे एआर-१५ किंवा जुनी एम-१ गॅरंड, असेल, तर वाटीच्या जाडीला आणखी महत्त्व येते. या रायफलींची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट धाडकन पुढे आला की ती प्राइमरला हलकेच टोचते. न उडवलेले काडतूस बाहेर काढून बघा, बुडाला बारीक ठिपका दिसेल. वाटी नाजूक असेल किंवा प्राइमर वर राहिला असेल, तर चाप न ओढताच बार होण्याचा धोका असतो. अशा रायफलींसाठी सीसीआय ३४ आणि ४१ हे सैनिकी धाटणीचे जाड वाटीचे प्राइमर आहेत. फेडरलची वाटी मऊ आणि मिश्रण संवेदनशील म्हणून ओळखले जाते. बोल्ट रायफलीत तो गुण, इथे मात्र विचार करावा.

.३०८ आणि क्रीडमोरच्या स्मॉल प्राइमरच्या पुंगळ्यांचा मोह पुढेमागे तुम्हालाही होईल. लापुआ कंपनीच्या अशा पुंगळ्यांचे आतले भोकही बारीक असते, २ ऐवजी १.५ मिलिमीटर. ज्योत लहान, बुडाशी धातू जास्त, त्यामुळे प्राइमरचे घर, म्हणजे तो बसतो तो खळगा, लवकर सैल होत नाही. वेगातला फरक कमी झाल्याचेही अनेकांना दिसते. किंमत अशी, की जुना प्राइमर काढायची पिन बारीक घ्यावी लागते, आणि कडाक्याच्या थंडीत बार उशिरा होण्याची शक्यता वाढते. पहिली शंभर काडतुसे भरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

तिसरी पायरी: घर साफ करा, आणि नीट बसवा

माझे ठाम मत आहे, की नवख्याच्या हातून अचूकता जाते ती प्राइमरच्या नावामुळे नाही, तो बसवण्यामुळे.

उडवलेल्या पुंगळीतून जुना प्राइमर काढला की घराच्या तळाशी काळी काजळी दिसते. ती छोट्या खरवडणीने काढा. सैन्यातली पुंगळी असेल तर प्राइमरभोवती धातू दाबून कडी केलेली असते, ती आधी कापावी लागते, नाहीतर नवा प्राइमर आत जाताना चेपतो. आतल्या भोकाच्या कडेला बनवताना राहिलेली कुसळे असतील तर ती एकदाच घासायची. पुन्हा पुन्हा घासून भोक मोठे करू नका.

मग बसवणे. प्रेसवर, म्हणजे काडतुसे भरायच्या यंत्रावर, बसवता येतो, पण मी हातातले साधन वापरतो, कारण अंगठ्याला कळते. दांडी दाबली की आधी प्राइमर घराच्या तोंडाशी अडतो, मग सरकत आत जातो आणि तळाला टेकतो. टेकल्यावर किंचित आणखी दाब, म्हणजे ऐरणीचे पाय तळावर घट्ट बसतात. बुडाच्या पातळीपेक्षा तो साधारण ०.००३ ते ०.००५ इंच आत असायला हवा. बोटाचे टोक बुडावरून फिरवा: खोलगट लागले तर ठीक, सपाट लागले तर शंका, उंचवटा लागला तर ते काडतूस वापरायचे नाही. दांडी दाबताना काहीच अडले नाही, प्राइमर लोण्यात बोट जावे तसा गेला, तर घर सैल झाले आहे आणि पुंगळीचे आयुष्य संपले आहे.

माझा पहिला हिवाळा. प्राइमर म्हणजे स्फोटक, जोरात दाबला तर हातात फुटेल, या भीतीने मी सगळे अलगद बसवले होते. रेंजवर पन्नासातली सात काडतुसे नुसती टिक् करून गप्प बसली. तीच पुन्हा बोल्टमध्ये घातली तर धाड करून उडाली. कंपनीने खराब माल दिला म्हणून मी उरलेला खोका परत द्यायला निघालो होतो. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाने माझे एक काडतूस घेतले, बुडावरून अंगठा फिरवला आणि न बोलता परत दिले. पहिल्या ठोक्याची सगळी ताकद प्राइमरला आत ढकलण्यात जात होती, दुसरा ठोका त्याला पेटवत होता. पहिल्यांदा टिक्, दुसऱ्यांदा धाड, असे झाले की आधी स्वतःच्या अंगठ्यावर संशय घ्या. आणि नुसते टिक् झाले की बोल्ट लगेच उघडू नका. नळी निशाण्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. बार उशिरा होऊ शकतो.

बसवताना डोळ्यांवर चष्मा, आणि टेबलावर एकाच जातीचा एकच खोका. प्राइमर आडवा किंवा उलटा गेला तर जोर लावायचा नाही, हळूच मागे घ्यायचा. उलटा बसूनच गेला असेल तर पुंगळी वेगळी ठेवा. पुढे काय करायचे ते जाणत्यासमोर.

चौथी पायरी: पारखणे

आता खरा प्रश्न, कुठला प्राइमर माझ्या रायफलीला मानवतो?

आधी प्राइमर सोडून बाकी सगळे ठरवा. गोळी, दारू, गोळी किती आत बसवायची ते, सगळे चांगले जमले की मगच प्राइमर बदलून बघा. उलट क्रमाने गेलात तर पैसे जातात आणि हाती काही लागत नाही. आणि हे ठळक लक्षात ठेवा: प्राइमर बदलला की दाब बदलतो. जास्तीत जास्त मापाच्या जवळ असाल तर दारू कमी करून, मॅन्युअलच्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा वर यायचे. स्टँडर्डच्या जागी मॅग्नम टाकताना तर नक्कीच.

दोन किंवा फार तर तीन प्राइमर निवडा. एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या, पुंगळ्या, एकाच डब्यातली दारू, एकाच दिवशी. वेग मोजायला क्रोनोग्राफ लागतो. तो नसेल तर उसना मिळवा, पण त्याशिवाय ही कसरत करू नका.

कारण साधे आहे. १०० यार्डांवर प्राइमरचा फरक निशाण्यावर दिसतच नाही. सेकंदाला २७०० फुटांनी निघालेल्या ६.५ च्या गोळीच्या वेगात ३० फुटांचा फरक पडला, तरी १०० यार्डांवर ती एखाद-दीड मिलिमीटरच वरखाली होते. हाच फरक १००० यार्डांवर सात-आठ इंच होतो. म्हणजे तुम्ही २०० यार्डांपलीकडे जाणार नसाल, तर प्राइमरवर रात्र जागवू नका. दुकानात सातत्याने मिळेल तो चांगला प्राइमर घ्या आणि चहा प्या.

लांबवर मारणाऱ्यांसाठी पुढचे. माझ्या जुन्या वहीत एक पान आहे. पाच-पाच गोळ्यांची चाचणी: एका प्राइमरचे प्रमाण विचलन, म्हणजे गोळ्यांचे वेग सरासरीभोवती किती विखुरले ते (सेकंदाला फुटांत), ६, दुसऱ्याचे १४. मी पहिल्याला लाल पेनने गोल केला आणि त्याचे दोन हजार नग आणले. पुढच्या शनिवारी तीच चाचणी, तीच रायफल: पहिला १३, दुसरा ७. तेव्हा मला रायफल बिघडली असे वाटले. बिघडले होते माझे गणित. पाच गोळ्यांवरून विचलन ८ आले, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की खरा आकडा ५ ते २३ मध्ये कुठेतरी आहे. तीस गोळ्यांवरून ८ आला तर तो ६ ते ११ मध्ये असतो. दोन प्राइमरची तुलना करायची तर प्रत्येकी निदान वीस, जमल्यास तीस. एका दिवशी नळी तापवून नाही, तर दोन-तीन शनिवारांत थोड्या थोड्या. आणि आलटून पालटून: पाच याच्या, पाच त्याच्या. नाहीतर सकाळची थंडी एकाच्या वाट्याला येते आणि दुपारचे ऊन दुसऱ्याच्या.

सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू गोळीतला फरक अनेक जण मिरवतात. तो फक्त दोन गोळ्यांवर ठरतो; विचलनच बघा. आणि तीस-तीस गोळ्यांनंतरही दोन प्राइमरचे आकडे एकमेकांत मिसळत असतील, तर निकाल लागला: दोन्ही सारखे. जो स्वस्त आणि नेहमी मिळतो तो घ्या.

उडवलेल्या प्राइमरकडे बघून दाब ओळखायची पद्धत नवख्यांना फार आवडते. कडा चपट्या झाल्या म्हणजे दाब जास्त, असे सांगतात. अर्धवट खरे आहे. मऊ वाटीचा प्राइमर कमी दाबालाही चपटा होतो आणि जाड वाटीचा बराच काळ गोल राहतो. पिनभोवती उठलेली कडा दाबामुळे असेल, किंवा बोल्टचे भोक पिनपेक्षा मोठे असल्यामुळे असेल. पण प्राइमरला आरपार भोक पडले, पुंगळीच्या बुडाशी चकचकीत ठसा उठला किंवा बोल्ट उचलायला जड गेला, तर त्या दिवसाचे नेमबाजीचे काम संपले. उरलेली काडतुसे घरी नेऊन मोकळी करा.

विकत घेणे आणि ठेवणे

मनासारखा प्राइमर सापडला की त्याच लॉटचे एक-दोन हजार घ्या. शंभराची एक पट्टी, हजाराचा एक खोका, आणि खोक्यावर लॉट क्रमांक छापलेला असतो. घरपोच मागवलात तर धोकादायक मालाचा वेगळा आकार लागतो, आणि तो खोक्यावर नाही तर पार्सलवर लागतो. म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून मागवावे, किंवा दुकानातून आणावे.

प्राइमर मूळ खोक्यातच ठेवा. त्या पट्टीत प्रत्येकाला वेगळे घर दिलेले असते ते उगाच नाही. एक पेटला तर शेजारचे पेटू नयेत म्हणून. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाचशे प्राइमर ओतून ठेवणारा एक जण मला भेटला आहे. ती बरणी नव्हती, बाँब होता. अग्निसुरक्षेच्या अमेरिकी नियमावलीत राहत्या घरात जास्तीत जास्त १०,००० प्राइमर ठेवण्याची मर्यादा आहे. कोरडी, थंड, कुलुपातली जागा; दारूच्या डब्यांपासून दूर, मुलांच्या हातापासून त्याहून दूर.

शेवटचे काम पाच मिनिटांचे. भरलेल्या काडतुसांच्या डबीवर चिठ्ठी चिकटवा: तारीख, पुंगळी कितव्यांदा भरली, गोळी, दारूचे नाव आणि माप, प्राइमरचे नाव आणि लॉट क्रमांक. तो लॉट संपून नवा खोका उघडला की जुन्यातले वीस आणि नव्यातले वीस शेजारी शेजारी मारून बघा. म्हणून जुना खोका संपत आला की त्यातले वीस प्राइमर बाजूला ठेवायचे. मूळ पट्टीतच.